मुकुट राणीचा, पलटण मराठ्यांची

खारदांड्याच्या बाजारात पापलेटाचे कल्ले उचकटून पाहिल्याशिवाय खिशात हात न घालणारे आमचे एक शेजारी चोरबाजारात पोचले की एकदम भाबडे होतात. परवा तिथल्या मटण स्ट्रीटवरून त्यांनी ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ असा बिल्ला आणला. पहिल्या महायुद्धातला, म्हणे. पलटणीला हा पाचवा नंबर मिळाला १९२२ मध्ये. पण युद्धाने तेवढी कळ काढली असेल!

बिल्ल्यावर मुकुटही होता. १९०१ नंतरच्या राजांच्या काळातला मुकुट वरून घुमटासारखा गोल. एलिझाबेथ राणीने निवडलेल्या मुकुटाच्या कमानी मधोमध खचलेल्या. आमच्या बिल्ल्यावर नेमक्या खचलेल्या. राणीचा राज्याभिषेक १९५३चा, आणि तोवर आपल्याला प्रजासत्ताक होऊन तीन वर्षं झाली होती. थोडक्यात, राणीच्या मुकुटाची मराठा पलटण जगात फक्त मटण स्ट्रीटवर तैनात आहे.

मग बिल्ला उलटा केला. त्या काळचा साधा बिल्ला ठशाने पत्र्यावर मारलेला. पुढे जे उठून दिसतं ते मागे खोलगट. हा ओतीव. पाठ सपाट, अंगभर बारीक भोकं. पितळेवरचा काळपटपणा तर इतका ताजा, की चिंच लावून घासलं असतं तर पाच मिनिटांत शंभर वर्षं उतरली असती.

“पण सर्टिफिकेट आहे ना!” शेजारी म्हणाले. होतं खरं. कॉम्प्युटरवर छापलेलं, आणि कडा चहात बुडवून पिवळ्या केलेल्या. बिल्ल्यापेक्षा त्यावर मेहनत जास्त.