रकान्यांच्या पदव्या

एक्सेलचं कोरं पान मी काही काम नसतानाही बघत बसतो. वर प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखी ए, बी, सी ही अक्षरं, डावीकडे आकडे. झेडपाशी अक्षरं संपतात, जोडनावं सुरू होतात आणि मग मौज येते. 53वा रकाना एक अक्षर न शिकता बीए होतो, 339वा एमए. 1486व्याला बीएड मिळतं, 2838व्याला डीएड. आमच्या वाशीम जिल्ह्यातली, रिसोड-मालेगावकडची कितीतरी पोरं रात्री जागून, खरोखर शिकून तिथवर पोचली, आणि शिक्षकभरतीची वाट बघत राहिली.

ऑप्शन्समध्ये, फॉर्म्युल्याच्या पानावर एक बारीक चौकोन असतो: ‘आर1सी1’. त्यावर खूण केली की सगळ्या पदव्या एका दमात उतरतात, बीएचा नुसता 53 होतो. आतली बेरीज मात्र जागची हलत नाही. फॉर्म्युल्याची बोली तेवढी बदलते. एरवी ‘बी2’ म्हणणारा तो आता ‘माझ्या डावीकडचा शेजारी’ म्हणू लागतो. हे मला फार आवडतं. खरेदीखतातली चतुःसीमा अशीच तर असते: पूर्वेला अमक्याचं वावर, पश्चिमेला नाला. गट नंबर विसरलेला आमच्याकडचा म्हातारा चारही शेजारी न चुकता सांगतो, त्यातल्या दोघांशी धुऱ्यावरून अबोला असला तरी.

या रकान्यांसारखी वाशीमलाही मथळे बदलून घ्यायची सवय जुनीच. वाकाटकांच्या काळी ते वत्सगुल्म होतं, राजधानीचं गाव. सातव्या शतकात पहिल्या भास्कराचार्यांनी मध्यरेखेवरची ठिकाणं सांगताना लंका, अवंती, स्थानेश्वर यांच्या रांगेत त्यालाही बसवलं. पृथ्वीचे उभे रकाने जिथून मोजायचे, त्या शून्याच्या रकान्यात आम्ही होतो! (खरं तर अवंतीहून, म्हणजे उज्जैनहून, वाशीम अंशभराहून जास्त पूर्वेला आहे, पण एवढ्या लांब रेघेत तेवढं वाकडं जायचंच.) 1884 मध्ये जगाने शून्य ग्रिनिचला नेलं. इंग्रजांच्या कागदांत आमचा ‘बासिम’ जिल्हा होता. 1905 मध्ये तो खोडला आणि आम्ही अकोल्याखालची एक ओळ झालो. 1 जुलै 1998 ला मथळा परत मिळाला, मात्र बी जाऊन डब्ल्यू आलेलं. राज्यातल्या जिल्ह्यांच्या इंग्रजी यादीत वाशीम आता शेवटून दुसरं येतं. खाली यवतमाळ आहे, म्हणून बरं.