आमच्या वह्यांच्या घरमालकास अनावृत पत्र

प्रति,
माननीय मालक,
रिमोट डेस्कटॉप सेवा (मासिक भाडेतत्त्वावर),
मुक्काम : डेटा सेंटर, बहुधा नवी मुंबई

विषय : भाडेकरूची कृतज्ञता आणि काही किरकोळ गाऱ्हाणी

महोदय,
सा. न. वि. वि.

आपण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या कर सल्लागारांवर जे उपकार केलेत, त्यांची कुठेतरी जाहीर नोंद व्हावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. पूर्वी आमच्या ऑफिसात एक काँप्युटर होता. त्यातच टॅली, त्यातच एक्सेल आणि त्यातच अशिलांच्या वह्या. बंद पडला की कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला यायचा, रॅम काढून पुसायचा, परत बसवायचा आणि चहा पिऊन जायचा. फार मागासलेली व्यवस्था होती. आता टेबलावरच्या काँप्युटरात काहीच नाही. टॅली आपल्याकडे, एक्सेल आपल्याकडे, वह्याही आपल्याकडे. आमच्याकडे येतं ते फक्त बिल. आगाऊ, माणशी दरमहा, वर १८ टक्के जीएसटी. त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं हे मान्य. अर्थात, आपण आपलं रिटर्न वेळेवर भरलंत आणि बिल आमच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसलं तर.

कृतघ्न ठरू नये म्हणून आधी चांगलं लिहितो. लॉकडाउनमध्ये ऑफिसला कुलूप असताना आमची माणसं घरी बसून नोंदी करू शकली, ती आपल्यामुळे. काँप्युटर जुना असला तरी चालतो, कारण मेहनत आपला सर्व्हर करतो. सुताचा व्यापारी रात्री दुकान बंद केल्यावर मोबाइलवर स्टॉक बघतो आणि खूश होतो. ऑफिसातला लॅपटॉप चोरीला गेला तरी खतावणी चोरीला जात नाही. एवढं सगळं मिळाल्यावर भाडेकरूनं गप्प बसावं, ही आपली अपेक्षा रास्त आहे. पण आमचा धंदाच असा की जमा लिहिली की खर्चही लिहावा लागतो.

आपल्या सेवेचं तंत्र मी अशिलांना अभिमानानं समजावून सांगतो. आमच्या ऑफिसातल्या मुलीनं इथे ५ चं बटण दाबलं की ते ५ नवी मुंबईला जातं. तिथे आपल्या सर्व्हरवरच्या टॅलीत ते उमटतं. उमटलेल्या पडद्याचं चित्र परत आमच्या गावी येतं आणि मग तिला ५ दिसतो. नेट चांगलं असेल तर या सगळ्या प्रवासाचा पत्ताही लागत नाही. नेट खोकायला लागलं की मात्र गंमत सुरू होते. परवा तिनं खरेदीच्या व्हाउचरला २५००० टाकले. पडद्यावर २५ दिसले आणि चित्र थांबलं. शून्यं गेली नाहीत असं वाटून तिनं पुन्हा तीन शून्यं मारली. मग वाटेत अडकलेली सगळी शून्यं एकदम पोचली आणि पंचवीस हजारांचं सूत अडीच कोटींचं झालं. व्यापारी समोरच बसला होता. एवढा माल ठेवायला आपल्याकडे गोडाऊन नाही, एवढंच तो म्हणाला.

आता २० तारखेबद्दल. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीआर-३बी भरायचा असतो, हे आपल्याला ठाऊक असणारच. कारण त्याच संध्याकाळी आपला सर्व्हर विश्रांतीला जातो. पडदा राखाडी होतो. मध्ये एक छोटी चौकट येते : संपर्क तुटला आहे, पुन्हा जोडण्याचा प्रयत्न करीत आहोत, २० पैकी प्रयत्न १. मग २० पैकी २. मग ३. आम्ही चौघं हातातलं काम टाकून ती चौकट बघत बसतो. विसावा प्रयत्न झाला की चौकटही हात झटकते.

आपल्या जाहिरातीत ९९.९ टक्के अपटाइमची हमी आहे. आम्ही हिशोबाची माणसं, म्हणून उरलेल्या ०.१ टक्क्याचा हिशोब केला. तीस दिवसांच्या महिन्यात तो साधारण ४३ मिनिटांचा होतो. आपण शब्दाचे पक्के आहात. ती ४३ मिनिटं आपण रविवारी पहाटे तीनला वापरू शकला असता. पण तेव्हा वापरली असती तर त्यांची किंमत आम्हाला कशी कळली असती? रिटर्न चुकलं तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. हे अशील भरत नाही, आमच्याकडे बघतो. आणि आपल्या करारात भरपाई म्हणून काय लिहिलंय? सेवा बंद होती तेवढ्या वेळाचं भाडं पुढच्या बिलात वजा. मागच्या वेळी त्या वजावटीत चौघांचा चहासुद्धा आला नसता.

आपल्या सपोर्टच्या मुलाबद्दल तक्रार नाही. फार नम्र मुलगा आहे.

“सर, तुमच्याकडचं इंटरनेट एकदा चेक करा.”
“यूट्यूब चालू आहे.”
“राउटर रिस्टार्ट करून बघा, सर.”
“केला. बाकीच्या सगळ्या साइट उघडताहेत. फक्त तुमचंच दार उघडत नाही.”
“ओके सर. तिकीट रेझ केलंय.”

तिकीट हातात पडल्यावर गाडी मिळेलच असं नाही, हे एसटीनं आम्हाला लहानपणीच शिकवलंय. त्यामुळे आम्ही वाट बघतो.

छपाईचं थोडक्यात सांगतो. बिलं छापायला आमच्याकडे जुना डॉट मॅट्रिक्स आहे. तो बिल दुसऱ्या पानाच्या मध्यापासून सुरू करतो, कारण आपल्या सर्व्हरला तो लेझर प्रिंटर वाटतो. डिजिटल सहीचा टोकन आमच्या यूएसबीत लावला तर आपला सर्व्हर म्हणतो, टोकन सापडला नाही. “सही तुमच्याच मशिनवरून करा ना, सर,” असं आपल्या मुलानं सुचवलं. म्हणजे वही आपल्या घरात आणि सही आमच्या घरात. मधे आम्ही पीडीएफ घेऊन ये-जा करतो.

दुसऱ्याच्या यंत्रावर काम करायची ही कल्पना नवी आहे असं आपले विक्री प्रतिनिधी सांगतात. तशी ती नाही. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा दुसऱ्या संस्थांतले संशोधकही आपली गणितं पंच केलेल्या कार्डांवर त्याच्याकडे पाठवत. यंत्र एकाचं, वापरणारे अनेक, आणि सगळे रांगेत. मग घरोघरी पीसी आला आणि यंत्र आपल्या मालकीचं झालं. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज एनटी ४ ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली आणि एका सर्व्हरवर अनेकांनी विंडोज वापरायची सोय पुन्हा झाली. आज आपण भाड्यानं देता ती हीच सोय. फरक इतकाच की १९६४ साली संशोधकाची कार्डं त्याला परत मिळत.

आपल्या धंद्यातली एक जुनी गोष्टही आठवते. २०१२ च्या सुरुवातीला ऑनलाइव्ह नावाच्या अमेरिकन कंपनीनं आयपॅडवर वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट चालवून दाखवलं. सगळं तिच्या सर्व्हरवर; आयपॅडवर नुसतं चित्र. मूळ सेवा फुकट आणि वरचा प्लॅन महिना ४.९९ डॉलर. लोक हरखून गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर सांगितलं की ज्या तऱ्हेनं ही सेवा चालते, ती परवान्यात बसत नाही. साधा विंडोज ७ असा भाड्यानं देता येत नव्हता. कंपनीला खालची यंत्रणा बदलावी लागली. ३० एप्रिल २०१५ ला तिच्या सगळ्याच सेवा बंद झाल्या. भाडेकरूंना घराचे कागद बघायला मिळालेच नव्हते.

म्हणून एक आगाऊ प्रश्न. आपण महिन्याच्या एवढ्या थोडक्या भाड्यात विंडोज सर्व्हर, प्रत्येक माणसामागे लागणारा रिमोट डेस्कटॉपचा परवाना आणि वर एक्सेल देता. हे कसं परवडतं? हा प्रश्न मी आपल्या विक्री प्रतिनिधीला विचारला. तो म्हणाला, “सर, त्याचं टेन्शन तुम्ही घेऊ नका.” तेव्हापासून ते मी नियमित घेतो.

आता भाडेकराराच्या शेवटच्या पानावर येतो. तिथे बारीक अक्षरात लिहिलंय की भाडं थकलं तर प्रवेश बंद, आणि १५ दिवसांनी डेटा कायमचा पुसला जाईल. मालक, जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे व्यापाऱ्यानं आपले हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायचे असतात. सरकार बहात्तर महिने मागतं आणि आपण पंधरा दिवस देता. कंपन्यांचं तर आणखी कडक आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांप्रमाणे त्यांच्या इलेक्ट्रॉनिक वह्या भारतात सदासर्वकाळ बघता आल्या पाहिजेत आणि भारतातल्याच सर्व्हरवर रोजच्या रोज बॅकअप पाहिजे. “सदासर्वकाळ” मध्ये २० तारखेची संध्याकाळ येते, असा माझा नम्र समज आहे. सर्व्हर नेमका कुठे आहे असं मी ईमेलनं विचारलं, तेव्हा उत्तर आलं, “सुरक्षित ठिकाणी.” रजिस्ट्रारच्या फॉर्ममध्ये हा पत्ता चालत नाही.

सुरक्षिततेचा विषय आपणच काढलात, म्हणून लिहितो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात इन्सिंक नावाची कंपनी हाच धंदा करायची. तिथल्या अकाउंटंटना क्विकबुक्स आणि सेज आपल्या सर्व्हरवर भाड्यानं वापरायला द्यायची. जुलै २०१९ मध्ये तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. त्यांच्या भाडेकरूंना कित्येक दिवस स्वतःचे हिशोब उघडता आले नाहीत. डेन्मार्कच्या क्लाउडनॉर्डिकचं त्याहून वाईट. ऑगस्ट २०२३ मध्ये हल्लेखोरांनी सर्व्हर कुलूपबंद केले, बॅकअपसुद्धा. कंपनीनं खंडणी द्यायला नकार दिला आणि बहुतेक ग्राहकांना कळवलं की तुमचा सगळा डेटा गेला. ज्यांच्याकडे आपली वेगळी प्रत होती ते वाचले. बाकीचे कोरी वही घेऊन बसले.

राहिलं लक्ष्मीपूजन. आमच्याकडे अजून वहीपूजन होतं. लाल वही गेली तेव्हा काँप्युटरला हळदकुंकू वाहिलं, कीबोर्डवर झेंडू ठेवला, कुणाची हरकत नव्हती. आता वहीच घरात नाही म्हटल्यावर म्हातारे शेठजी विचारतात, पूजा कशाची करायची? मी सांगितलं, आपल्या पासवर्डची. तो चिठ्ठीवर लिहून पाटावर ठेवला. आरती होईपर्यंत तो एक्सपायर झालेला होता.

तरी घर सोडून जायचा माझा विचार नाही. मालक-भाडेकरूचं नातं टिकावं म्हणून काही मागण्या करतो.

१. रोज रात्री आमच्या वह्यांचा बॅकअप आपोआप आमच्या ऑफिसातल्या हार्ड डिस्कवर उतरावा. आम्ही ओरडल्यावर नव्हे.
२. दुरुस्तीची वेळ ११ आणि २० तारखेला, ३१ जुलैला आणि ३१ मार्चला ठेवू नये. कॅलेंडर नसेल तर आम्ही पाठवू.
३. सर्व्हरचा खरा पत्ता आणि परवान्यांच्या प्रती लेखी द्याव्यात.
४. भाडं थकलं तर दार जरूर बंद करावं. पण सामान रस्त्यावर टाकण्याआधी ते उचलायला तीन महिने द्यावेत.
५. सोडून जायचं ठरलं तर आमचा डेटा टॅलीत उघडेल अशा रूपात, जादा पैसे न मागता, परत करावा.

यातली एकही मागणी आपल्याला जड नाही. बॅकअप उतरवायला एक छोटी स्क्रिप्ट पुरते, आणि पत्ता लिहायला एक ओळ.

हे पत्र अनावृत असल्यामुळे माझ्या व्यवसायबंधूंसाठीही दोन शब्द. रिमोट डेस्कटॉप वाईट नाही. लहान ऑफिसला तो खरोखर परवडतो आणि पुष्कळ कटकटी वाचवतो. पण करारावर सही करण्यापूर्वी दर आणि स्पीड यांच्याआधी एकच गोष्ट विचारा : माझ्या वहीची आजची प्रत मला आज, माझ्या डिस्कवर, तुमच्या परवानगीशिवाय मिळेल का? “हो” म्हणाले तर तिथेच बसून उतरवून, उघडून बघा. “बघू”, “तिकीट टाका”, “वरच्या प्लॅनमध्ये आहे” असं काही म्हणाले तर चहा घ्या आणि उठा. डेस्कटॉप भाड्यानं घ्यावा, वही भाड्यानं घेऊ नये. आणि ज्यांनी आधीच घेतलाय त्यांनी आज ऑफिस बंद करायच्या आधी बॅकअप उतरवावा.

क. लो. अ.

आपला नियमित भाडं भरणारा,
एक कर सल्लागार

ता. क. : पुढचं बिल कृपया २० तारखेच्या आत पाठवावं. त्यानंतर आम्ही उघडू शकू की नाही, ते आपल्यावरच अवलंबून आहे.