हॉलमध्ये फुल रेंज

आमच्या इमारतीत कुणाचं नेट रडायला लागलं की कंपनीच्या आधी मला फोन येतो. येतो म्हणजे, यावा अशी मी व्यवस्था करून ठेवली आहे. लिफ्टमध्ये कुणी नुसतं ‘स्लो’ म्हटलं तरी माझे कान टवकारतात. वरच्या मजल्यावरच्या काकांचा प्लॅन २०० एमबीपीएसचा, पण लॅपटॉपवर आकडा ९४च्या पुढे सरकेना. मी सोफ्यावरून न उठता सांगितलं, “वायर बदला.” गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, त्यातली एखादी गेली की जोडणी गुपचूप १००वर उतरते आणि वरखर्च वजा जाता हातात ९४ उरतात. वायर बदलली, आकडा चढला, काकूंनी चकल्या दिल्या. पुढचे काही दिवस मी जिनासुद्धा नामांकित सर्जनसारखा चढत होतो.

घरच्या पेशंटने मात्र पार लाज काढली. रात्री नऊला आईचा बडोद्याच्या मावशीशी व्हिडिओ कॉल असतो, आणि नऊलाच मावशी तोंड उघडं ठेवून थिजते. तिच्याबरोबर आईही थिजते. हात हवेत, शब्द अर्धा. समोरच्याचं तोंड उघडं असताना आपण पुढे बोलणं बरं दिसत नाही, असं तिचं म्हणणं.

स्पीड भरपूर होता. व्हिडिओ कॉलला दोन-चार एमबीपीएस पुरतात. दोष वेगात नसून वाटेत गळणाऱ्या पॅकेटांत आहे, हे मी आईला नीट समजावलं. “मग वॉशर बदल,” ती म्हणाली.

राउटर बघायला गेलो, तर तो क्रोशाच्या कव्हरात. आता कव्हर या विषयावर मला थोडं बोलू द्या. आमच्या घरात उघडं असं फक्त माणसांनी राहायचं. मिक्सरला झालरीचा झगा, फ्रिजच्या हँडलला मोजा, शिलाई मशीनला फुलाफुलांची ओढणी, रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत रबरबँड लावून. जुन्या टीव्हीला तर शटर असून त्यावर पडदा होता. बातम्या बघायच्या म्हणजे आधी मंगलाष्टकांच्या वेळचा अंतरपाट दूर करावा लागे. सोफ्याचं मूळ कापड कुठल्या रंगाचं आहे हे आम्हा भावंडांना अजून ठाऊक नाही. तेव्हा रात्रभर डोळे मिचकावणाऱ्या त्या डब्याला आईने उघडं ठेवलं असतं, तर मीच काळजीत पडलो असतो. सुताच्या जाळीला वायफाय जुमानत नाही. शेजारच्या लोखंडी कपाटापुढे मात्र नांगी टाकतं.

नऊचं कोडं स्वयंपाकघरात सुटलं. नऊला बायको मायक्रोवेव्हमध्ये दूध तापवते. ओव्हन चालतो साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर, आमचं वायफाय २.४च्या पट्ट्यात. ओव्हनच्या दाराच्या फटीतून निसटतं ते माणसाला बाधत नाही, पण मावशीचं वाक्य तोडायला पुरतं. त्या पट्ट्यात चॅनेल बदलून पळायलाही जागा नाही. एकमेकांच्या अंगावर न जाणारे तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यांत अख्खी इमारत कोंबलेली. ५ गिगाहर्ट्झवर गेलो, तर त्याला भिंती सोसत नाहीत. मोबाइल हातात धरून घरभर फिरलो आणि रंगीत नकाशा काढला. हॉलमध्ये उणे ४५, आईच्या मागच्या खोलीत उणे ८१. शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. शोकेसशेजारची खुर्ची सर्वोत्तम. आईला तिथे बसवलं.

चित्र इतकं स्वच्छ, की मावशीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी वाचता येत होती. संभाषण असं : “हो. बरी आहे. इकडेही ऊन. ठेवू?”

दुसऱ्या दिवशी आई मागच्या खोलीत, दार लावून, तुटक्या चित्रासमोर. मी नकाशा दाखवला.

“हॉलमध्ये सगळे असतात,” ती म्हणाली.

“असू देत की.”

“असतात म्हणूनच.”

लग्नानंतर या बहिणी एका गावात कधी राहिल्या नाहीत. आधी आंतर्देशीय पत्रं होती, दुमडायच्या पट्टीवरसुद्धा लिहिलेली. ती आमच्याकडे बाबा आधी वाचत, मग आई. पुढे फोन आला तो हॉलमध्ये, आणि रिंग वाजली की आम्ही सगळे भोवती. दार लावून बहिणीशी बोलायला आईला सत्तरी गाठावी लागली, आणि माझ्या नकाशात नेमकी तीच खोली लाल.

भिंतीच्या कडेकडेने केबल टाकली आणि मागच्या खोलीत दुसरा डबा बसवला. आता दूध तापतं, कॉल तुटत नाही. तासभर चालतो. बडोद्यापर्यंत आवाज पोचवायची जबाबदारी दोघी अजून स्वतःकडेच ठेवून आहेत, त्यामुळे बंद दाराचा फारसा उपयोग नाही. काल मावशी विचारत होती, “हा अजून त्या डब्यांशीच खेळत बसतो का गं?” एकही पॅकेट गळलं नाही.

“बसू दे,” आई म्हणाली. “नव्याचं माप घेतलंय मी. हिरवा दोरा उरलाय.”