संशयापलीकडची काच

बापूंच्या बुलेटचं हँडल ऐंशीच्या पुढे नाचायला लागलं, तेव्हा त्यांनी पहिला संशय पुढच्या टायरवर घेतला, दुसरा ईस्ट कोस्ट रोडवर आणि तिसरा माझ्यावर. मी मागे बसलो होतो. "तुम्ही मुत्तुकाडूच्या पुलावर हालला," असं त्यांनी गाडी बाजूला घेऊन सुनावलं. मी हललो होतो, हे खरं. हँडल फणा काढून डोलत असताना मागच्याने ध्यानस्थ बसावं, ही अपेक्षा बापूंनाच शोभते. त्या हँडलवर, दोन क्लॅम्पांच्या आधाराने, नुकतीच त्यांनी स्वहस्ते बसवलेली हातभर उंच काच उभी होती. तिच्यातून समोरचा सगळा बंगालचा उपसागर पाण्यावर न राहता रस्त्यावर लाटा मारताना दिसत होता. बापूंनी टायर पाहिला, रस्ता पाहिला, मला पाहिलं. काचेकडे पाहिलं नाही, काचेतून पाहिलं.

बापू मूळचे विट्याकडचे. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून सोनं-चांदी गाळणारी माणसं बाहेर पडली ती देशभरच्या सराफ बाजारांत पसरली. बापूंचे वडील मद्रासला उतरले, साहुकारपेठेतल्या मिंट स्ट्रीटच्या एका बोळात त्यांनी भट्टी मांडली, आणि आता ती बापू चालवतात. ते तमिळ बोलतात ते विट्याच्या हेलात आणि रागावले की मराठी बोलतात ते तमिळच्या वेगात. धंद्यात मात्र माणूस अत्यंत सावध. एक भाग सोन्याला तीन भाग चांदी घालून आटवायचं, पातळ करायचं, तेजाबात उकळायचं. चांदी आणि तांबं विरघळून जातं आणि सोनं तेवढं तळाला उरतं. या कामात त्यांना मिलिग्रॅमची चूक खपत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "बापू, माल एकदम चोख आहे, मी स्वतः करून घेतलाय," तर ते त्याच्या तोंडाकडे न बघता कसोटी पुढे ओढतात. आणणाऱ्याने स्वतःच्या मालाची दिलेली ग्वाही धरायची नाही, हा त्यांच्या वडिलांचा नियम भिंतीवर लिहिलेला नाही इतकंच.

हाच माणूस दुकानाचं शटर ओढून बुलेटपाशी आला की नियम उलटा होतो. आपण पैसे मोजून आणलेली आणि आपल्या हाताने आवळलेली वस्तू, ती कशी काय वाईट असेल?

काच आली कशी, तेही सांगायला हवं, कारण साहुकारपेठेत राहणाऱ्याला वाऱ्याचा त्रास होतो यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. त्या पेठेत गाडीला वारा लागत नाही, हातगाडीचा दांडा लागतो. पण जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा जिंजी, म्हणजे आमच्या हद्दीतला. चेन्नईतल्या मराठी माणसाची छाती एका रात्रीत फुगली. ज्यांनी आजवर तिंडीवनमला फक्त जेवणासाठी गाडी थांबवली होती, तेही "तिथून डावीकडे का उजवीकडे हो?" असं विचारू लागले. बापूंनी ठरवलं, जिंजीला जायचं, बुलेटवरूनच जायचं, आणि जीएसटी रोडच्या ट्रक-बसच्या वाऱ्यात छाती फुटायला नको म्हणून काच लावूनच जायचं.

"महाराज १६७७ मध्ये जिंजीला आले ते घोड्यावरून. त्यांना वारा लागला नसेल?" वहिनींनी चहा ठेवता ठेवता विचारलं.

"त्यांच्या वेळी ट्रक नव्हते," बापू म्हणाले. हा मुद्दा बिनतोड होता.

मग स्वारी माउंट रोडमागच्या जनरल पॅटर्स रोडवर गेली. गाड्यांचे आरसे, हॉर्न, सीट कव्हर, लेगगार्ड आणि ज्यांचा उपयोग विकणाऱ्यालाही सांगता येत नाही अशा चकचकीत वस्तू यांचा तो बाजार. तिथे एका दुकानात बापूंना सर्वांत उंच काच आवडली. सर्वांत उंच का? कारण किंमत तीच होती. दुकानदाराने ती कोणत्याही गाडीला बसते असं सांगितलं, आणि कोणत्याही गाडीला बसणारी वस्तू एकाही गाडीला धड बसत नाही हे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत बापू नव्हते. रविवारी सकाळी त्यांनी ती बसवली. डाव्या क्लॅम्पखाली रबर बसलं, उजव्याखालचं गटारात गेलं. शेवटी हातात एक वॉशर उरला. "जादा देतात," बापू म्हणाले आणि तो त्यांनी खिशात टाकला. सोन्याचा कण उरला असता तर त्यांनी दुकान झाडून काढलं असतं.

आता जरा वाऱ्याबद्दल. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. चाळिसाला जी काच नुसती उभी असते तीच ऐंशीला शिडासारखी फुगते. आणि हे शीड गाडीच्या चेसवर नाही, हँडलवर उभं असतं. म्हणजे वारा जे काही करतो ते थेट हँडलला जाऊन सांगतो. शिवाय इतक्या उंचावर दाब आला की गाडीचा वरचा भाग मागे रेटला जातो, पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि हलकं झालेलं चाक मनाला येईल तसं वागतं. डोक्याचं वेगळंच. काचेच्या वरच्या कडेवरून उसळलेला वारा नेमका हेल्मेटवर येऊन आदळतो आणि आतला माणूस भट्टीच्या भात्यात डोकं घातल्यासारखा बहिरा होतो. मी हे बापूंना सांगितलं नाही असं नाही. ते म्हणाले, "हवा तपासली पाहिजे."

हवा तपासली. बरोबर होती. त्यांनी मशीनच खोटं ठरवून दुसरीकडे तपासली. तिथेही बरोबर. मग चाकाचा आउट काढला, तार न् तार आवळून घेतली. मग स्विंग आर्मचे बुश बदलले. ते खरोखर झिजले होते, त्यामुळे बापूंना फार आनंद झाला आणि गाडी पूर्वीसारखीच नाचली. मग आला कोनसेट. हँडल ज्या छर्‍यांवर फिरतं तो हा भाग ढिला असेल तर गाडी वेगात थरथरते, हे कुठल्याही बुलेटवाल्याला पाठ असतं. बापूंनी तो स्वतः आवळला. इतका आवळला की हँडल वळवायला दोन हात लागू लागले. जास्त आवळलेल्या कोनसेटची गंमत अशी, की गाडी हळू चालतानाही सरळ राहत नाही, कारण आपण नकळत हँडल जे बारीक बारीक सावरत असतो तेच अडून बसतं. आतापर्यंत ऐंशीच्या पुढे नाचणारी गाडी त्यामुळे मिंट स्ट्रीटवर दहाच्या वेगालाही वळवळू लागली. मोगल सरदार झुल्फिकारखान १६९० पासून १६९८ पर्यंत जिंजीला वेढा घालून बसला होता. बापूंनी कोनसेटला घातलेला वेढा पाहता खानाची चिकाटी मला मध्यम प्रतीची वाटू लागली.

यातून वाऱ्याचा सिद्धान्त जन्माला आला, आणि तो खोटा होता असं म्हणता येणार नाही, हेच दुःख. सकाळी महाबलीपुरमकडे निघालं की समुद्र डावीकडे, आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे, म्हणजे उजवीकडून. दुपारी परत येताना समुद्र उजवीकडे, आणि तोवर वारा फिरून समुद्रावरून येऊ लागलेला, म्हणजे पुन्हा उजवीकडूनच. "बगा," बापू म्हणाले, "जाताना गाडी डावीकडं वढती, येतानाबी डावीकडंच. वारा कसा काय दोन्ही येळी एकाच बाजूचा असंल? चेस वाकलाय." मी समुद्रावरच्या आणि जमिनीवरच्या वाऱ्यांची अदलाबदल समजावली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चेस तपासायला गाडी नेली. चेस सरळ होता. १९५५ मध्ये तिरुवोट्रियूरला ज्या गाडीचं बस्तान बसलं तिचा चेस साहुकारपेठेच्या खड्ड्यांनी वाकणार असता तर केव्हाच वाकला असता.

एकदा देवाधर्माचंही झालं. पल्लवन सालईवरच्या बॉडीगार्ड मुनीश्वराला चेन्नईतली नवी गाडी नेण्याची रीत आहे. चाकाखाली लिंबं चिरडली की पुढचं देव बघतो. बापूंची गाडी जुनी होती, पण "काच नवी हाय की," असं त्यांनीच पुजाऱ्याला सांगितलं. सगळ्या प्रकरणात काचेचा आणि नवेपणाचा एका वाक्यात उल्लेख त्यांच्याकडून झाला तो इथेच, आणि तोही नकळत.

या जातीचे लोक सगळीकडे भेटतात. नवा पाण्याचा फिल्टर बसवल्यापासून पोट बिघडलं तर हे भाजीवाल्याला दोष देतात. मुलाला नवी शिकवणी लावल्यावर मार्क कमी पडले की यांना शाळेचा पेपर अवघड निघाल्याची खात्री असते. नव्या उशीने मान धरली तर पंखा बंद होतो. त्यांना अक्कल नसते असं अजिबात नाही. उलट त्यांच्याकडे ती भरपूर असते आणि सगळीच्या सगळी एका वस्तूच्या बचावासाठी वकिलासारखी नेमलेली असते.

पुदुपेट्टैच्या मिस्त्रीने गाडी पाहिली तेव्हा त्याने स्टँडवरून ती खालीसुद्धा उतरवली नाही. "सार, कण्णाडी कळट्टुंग," तो म्हणाला. काच काढा. काढून एकदा चालवून बघा. एका वाक्यात सगळी चिकित्सा आटोपली. एक गोष्ट काढायची, त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जायचं, फरक पडतो का बघायचं. भट्टीवर बापू रोज हेच करतात.

बापूंचा चेहरा असा झाला, की जणू मिस्त्री घरातल्या माणसाबद्दल काही बोलला असावा. "अमेरिकेत हार्ले डेव्हिडसनला १९६९ पासून काच आहे," ते तमिळमध्ये गरजले, "ती पण पुढच्या शॉकअपवर. तिला कुठं काय होतं?" हे खरं आहे. त्याच अमेरिकेत क्रेग व्हेटर नावाच्या माणसाने सत्तरच्या दशकात वाऱ्याचा आडोसा हँडलवर नको, चेसवर बसवा, म्हणून आपलं विंडजॅमर विकलं आणि ते हजारो लोकांनी घेतलं, हेही खरं आहे. पण बापूंना सत्याचा हवा तेवढाच तुकडा कापून घ्यायची सवय सोन्यामुळे लागली असावी. हार्लेच्या अवाढव्य वजनाचं आणि तिच्या कारखान्यात ती काच त्याच गाडीसाठी आखली गेल्याचं काय, हे मिस्त्रीने विचारलं नाही. त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं.

मधे एकदा निसर्गानेच प्रयोग करून दाखवला. जिन्याखालच्या बोळात काच गॅसच्या सिलिंडरला आडवी येत होती, म्हणून वहिनींनी भाच्याकडून ती काढून ठेवली. बापू घाईत तसेच तिरुवोट्रियूरपर्यंत जाऊन आले. मोकळ्या रस्त्यावर नव्वद गाठली. हँडल देवघरातल्या समईसारखं स्थिर. परत आल्यावर वहिनींनी विचारलं, "मग? आता कळलं?" बापू म्हणाले, "आज वारा पडलावता." आणि काच पुन्हा चढली.

शेवटी मिस्त्रीनेच मार्ग काढला. बापूंनी पुन्हा गाडी नेली तेव्हा तो काचेबद्दल अवाक्षर बोलला नाही. "कोनसेटच आहे, सार," म्हणाला. बापूंना इतकं बरं वाटलं की ते समोर कॉफी प्यायला गेले. मी जुन्या टायरवर बसून राहिलो. मिस्त्रीने काच चार बोटं खाली घेतली, म्हणजे नजर तिच्यावरून जाईल अशी. वरची कड मागे कलवली. हेडलाइटपाशी खालून थोडी फट ठेवली, म्हणजे काचेमागे पोकळी होऊन वारा ओढला जाणार नाही. उजव्या क्लॅम्पखाली रबर घातलं. दोन्हीकडचे बोल्ट सारखे आवळले. क्लचची केबल क्लॅम्पखाली चिमटली होती, ती सोडवली. मग कोनसेट बेताचा ढिला केला. त्यामुळे बिलावर 'कोनसेट काम' लिहिताना त्याला खोटंही बोलावं लागलं नाही.

गाडी सरळ चालू लागली. पूर्वीइतकी मोकळी नाही, पण नव्वदपर्यंत हँडल शहाणं राहतं आणि समुद्र जागच्या जागी दिसतो. आम्ही जिंजीला गेलो. राजगिरीच्या पायथ्याशी पार्किंगमध्ये पुण्याहून निघालेला एक तरुण आपल्या बुलेटपाशी उकिडवा बसला होता. त्याच्या काचेवर प्रवासातल्या सगळ्या गावांचे स्टिकर होते आणि ती त्याच्या डोक्याच्याही वर जात होती.

"काका, वेलूरच्या पुढे हँडल फार थरथरतंय हो," तो म्हणाला. "काच काढून बघू का?"

"काचंनं काय हुतंय?" बापू त्याच्या शेजारी बसले, मांडी घालून, बराच वेळ लागणार असल्यासारखे. "काच राहू दे. चेन्नईला ये. पुदुपेट्टैत माझा माणूस हाय. कोनसेटमध्ये त्याचा हात धरणारा कुणी न्हाय."

तरुणाने मोबाइल काढला आणि मिस्त्रीचा नंबर लिहून घेतला.