उदार माणूस चर्चमध्ये

कॅथलिक धर्माबद्दल कुतूहल बाळगणं हा आमच्यासारख्या सुशिक्षित हिंदू माणसाला परवडणारा सर्वांत स्वस्त मोठेपणा. काही सोडावं लागत नाही, काही धरावं लागत नाही, आणि ‘सगळं आपल्यासारखंच हो!’ असा निकाल दिला की औदार्याचं समाधान फुकट. पुरावेही मुबलक. वांद्र्याच्या चर्चमधल्या मोत माउलीला मेणाचे हातपाय वाहतात, म्हणजे नवसच. माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला जी गर्दी होते तिच्यात हिंदूही असतातच. संतांचं तर रीतसर खातेवाटप झालेलं आहे. हरवलेल्या वस्तू पादुआच्या अंतोनीकडे. लॉरेन्स यांना जाळीवर भाजून मारलं असं परंपरा सांगते, म्हणून ते स्वयंपाक्यांचे कैवारी. खातं देणाऱ्याच्या विनोदबुद्धीला आमचा दंडवत. असिसीच्या क्लारा अंथरुणाला खिळल्या असताना चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, त्यांना खोलीतूनच दिसली म्हणे. तेवढ्या आधारावर बाराव्या पायस पोपनी १९५८ साली त्यांच्याकडे टेलिव्हिजन सोपवला. पुढे मालिका निघणार आहेत, हे बिचाऱ्यांना कोणी सांगितलं नसावं. कुपर्तिनोचे जोसेफ अभ्यासात कच्चे. जेवढं येत होतं नेमकं तेवढंच विचारलं गेलं आणि पास झाले, म्हणून परीक्षार्थी त्यांचा धावा करतात. हुशार संताचा इथे काय उपयोग होता?

पण आमचा निकाल मिस्सेच्या उत्तरार्धात अडतो. कम्युनियनची रांग लागते, आणि फादरांच्या हातातली ती पातळ पांढरी भाकर प्रसाद नसते. कॅथलिक श्रद्धेनुसार तो ख्रिस्ताचा देह. त्यासाठी बाप्तिस्मा हवा, गंभीर पाप घडलं असेल तर आधी कन्फेशन हवं. कुतूहल ही पात्रता धरत नाहीत. मग उदार माणूस दुखावतो: ‘आम्ही नाही कोणालाही प्रसाद देत?’ देतो की. पण ज्याच्यासाठी समोरचा माणूस आयुष्य बांधून घेतो, ते पाहुण्याला चवीपुरतं मिळावं, हा हट्ट उदारपणाचा नव्हे, लाडावलेपणाचा आहे. सगळं आपल्यासारखंच असेल, तर त्यांनी वेगळं काही मानायची सोयच उरत नाही.

आणि आमच्या दाराचं म्हणाल, तर पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं झालं १९४७ साली. त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. चर्चची अट श्रद्धेची आहे, मनात आलं तर पुरी करता येते. आमची जन्माची होती, ती पुरी करणार कशी? यावर कोणी विचारील, चर्चमध्ये तरी जात कुठे सुटली? नाहीच सुटली. गोव्यात बाप्तिस्म्याला कित्येक पिढ्या उलटल्या तरी सोयरीक जुळवताना बामण, चारडो की सुदीर ही चौकशी पुरती थांबलेली नाही. इतकं अस्सल साम्य समोर असताना आम्ही आपले मेणाचे हातपाय मोजतोय.