परसातलं लेखापरीक्षण

ऑडिटर निवृत्त होतो, आक्षेप निवृत्त होत नाहीत. निरोपसमारंभातल्या शालीची घडी मोडायच्या आत ह्यांनी माझ्या स्वयंपाकघराची साठापडताळणी काढली. ‘तूरडाळ’ लिहिलेल्या डब्यात साबुदाणा सापडला आणि माझ्याकडे खुलासा मागवण्यात आला. त्या डब्यात पहिल्यापासून साबुदाणाच असतो, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे, असा खुलासा मी केला. तो ‘समाधानकारक नाही’ या शेऱ्यानिशी परत आला. तेव्हा मी म्हटलं, “अहो, परसात काहीतरी लावा ना. तेवढीच हालचाल.”

साताऱ्यातल्या जुन्या घरांना असतं तसं आमच्याही मागे परस आहे. धुण्याचा दगड, एक पेरू, कढीलिंब आणि न्हाणीच्या पाण्यावर माजलेलं अळू. त्या अळूची आजवर कुणी चौकशी केलेली नाही, त्यानेही आमची केली नाही. फतफतं मात्र वेळेवर होतं. ह्यांनी टेप लावून परस मोजलं, फुलस्केपवर नकाशा काढला आणि जाहीर केलं, की उघड्यावर भाजी लावणं म्हणजे उघड्यावर रोकड ठेवण्यासारखं आहे. शेडनेट करायचं. 20 फूट लांब, 10 फूट रुंद.

संध्याकाळी फोनवर कुणाला तरी सांगत होते, “हो, 50 टक्के नक्की केलंय.” मला वाटलं, सूट मिळतेय. आनंदाच्या भरात मी शिरा केला. शिरा संपल्यावर कळलं, की 50 टक्के ही त्या जाळीची जात. निम्मं ऊन अडवते ती 50 टक्के. अशी 35 टक्क्यांपासून 90 टक्क्यांपर्यंत मिळते. पैसे मात्र सगळ्यांचे शंभर टक्केच घेतात.

खर्चाचा विषय निघाला की ह्यांच्याकडे इतिहास तयार असतो. रोमचा सम्राट टायबेरियस म्हणे रोज काकडी खायचा. त्याच्यासाठी चाकांवरचे वाफे केले होते. ते उन्हात ढकलत न्यायचे आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली ठेवायचे. प्लिनीने तसं लिहून ठेवलं आहे. “म्हणजे 2000 वर्षांपूर्वी भाजीसाठी घर बांधत होते,” हे म्हणाले. मी म्हटलं, “त्यांना साम्राज्य होतं. तुम्हाला पेन्शन आहे.” यावर उत्तर आलं नाही. अनुत्तरित परिच्छेद म्हणून तो अजून माझ्याकडे प्रलंबित आहे.

शेडनेटला सरकारी अनुदान मिळतं, तेही निम्मं, असं कळल्यावर ह्यांनी पांढरा शर्ट घातला आणि चौकशीला गेले. तिथे सातबारा मागितला. आमची जागा बिगरशेती, सातबारा आणायचा कुठून? आयुष्यभर दुसऱ्यांचे प्रस्ताव ‘कागदपत्रे अपूर्ण’ म्हणून परत पाठवणारा माणूस त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ झोपाळ्यावर बसला होता. मी चहा दिला. काही बोलले नाही. (नंतर माहेरी फोन करून सविस्तर बोलले.)

मग सुरू झाली उभारणी. जीआय पाईप आले, खड्डे खणून काँक्रीट ओतलं, कारण पावसाळ्यात यवतेश्वराकडून जो वारा सुटतो तो कच्चं काही ठेवत नाही. वर हिरवी शेडनेट आणि चारी बाजूंनी कीटकजाळी, 40 मेशची. 40 मेश म्हणजे एका इंचात 40 भोकं. दुकानदार हे सांगून मोकळा झाला; ह्यांनी भिंग आणि फूटपट्टी घेऊन मोजली. 38 भरली. दुकानदार म्हणाला, “काका, जाळी ताणली की फरक पडतो.” ह्यांनी तो खुलासा लेखी मागितला. त्या दुकानात आता ह्यांना लांबून येताना पाहिलं, की मालक जेवायला जातात.

ही सगळी तटबंदी कुणासाठी, तर पांढऱ्या माशीसाठी. जेमतेम मिलिमीटरभर लांबीची, फुंकर मारली तर उडणारी. पण तीच टोमॅटो-मिरचीत पानं मुरडण्याचा विषाणू पोचवते. ती आत येऊ नये म्हणून एकामागे एक अशी दोन दारं. पहिलं पूर्ण लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. मधे माणसाने उभं राहायचं, अंग झटकायचं. आमच्या वन्सं वाईहून आल्या आणि कौतुकाने आत शिरल्या. पहिलं दार लागलं, दुसऱ्याची कडी आतून म्हणजे ह्यांच्या बाजूने, आणि हे आत टोमॅटोला सुतळी बांधण्यात गर्क. “बाळू, अरे मला कोंडलंस की काय!” वन्सं ओरडल्या. आतून शांतपणे उत्तर आलं, “ताई, आधी झटक.” शेवटी दार उघडलं आणि वन्सं तडक पुढे गेल्या, ते थेट टांगलेल्या पिवळ्या चिकट सापळ्यात अंबाडा अडकवून घेतला. पिवळा सापळा पांढऱ्या माशीसाठी, निळा फुलकिड्यांसाठी. वन्संसाठी कुठला, याची तरतूद नव्हती. खोबरेल तेल लावून अंबाडा सोडवताना मी फार गंभीर चेहरा ठेवला होता. मुद्दाम सांगते, कारण त्याला कष्ट पडतात.

माझ्या घंगाळाचं प्रकरण त्याआधीचं. कोकोपीट म्हणून नारळाच्या भुश्श्याची दाबलेली वीट मिळते, 5 किलोची. दिसायला अगदी साळसूद. ती भिजवायला ह्यांनी माझं लग्नातलं तांब्याचं घंगाळ नेलं. पाणी ओतलं आणि वीट श्वास घ्यायला लागली. आधी कडा सुटल्या, मग मधोमध फुगवटा आला, मग तपकिरी भुस्सा काठावरून ओघळून धुण्याच्या दगडावर, तिथून माझ्या वाळत घातलेल्या पापडांच्या दिशेने. एका विटेचा सुमारे 70 लिटर भुस्सा होतो, हे पुडक्यावर छापलेलं होतं. वाचलं होतं का, विचारलं तर म्हणाले, “वाचलं होतं. पण एवढी वाढ विनापरवानगी कशी होईल, असं वाटलं.”

आत आता सगळी सोय आहे. ठिबकच्या नळ्या, फॉगर, कमाल-किमान तापमापक, पंखा, खुर्ची, खुंटीवर टोपी, आणि एका कोपऱ्यात ट्रांझिस्टर. रोपांना विविधभारती ऐकवतात असं सांगितलं जातं. प्रत्येक रोपाला क्रमांक आहे. आवक-जावक रजिस्टर आहे. घरात ह्यांना स्वतःचं टेबल नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. बाहेरच्या खोलीत टीव्ही, आतल्या खोलीत माझं शिवणयंत्र. इथे मात्र ह्यांच्या खुर्चीला पाठ टेकायला कुणी दुसरं येत नाही.

पहिला पेचप्रसंग काकडीने आणला. वेलीवर फुलंच फुलं, फळ नाही. काकडीला आधी नुसती नर फुलं येतात, मादी मागाहून. तिच्या देठाशी बोटाएवढी बाळकाकडी असते, त्यावरून ओळखायची. रजिस्टरात नोंद झाली: ‘कर्मचारी हजर. काम शून्य.’ यथावकाश मादी फुलंही आली, तरी बाळकाकड्या पिवळ्या पडून गळायला लागल्या. कारण उघड होतं. जाळीने पांढरी माशी अडवली तशी मधमाशीही अडवली. पात्र-अपात्र दोघींना एकच नियम. मग सकाळी सातच्या सुमाराला हे नर फूल खुडून, पाकळ्या सोलून, एकेका मादी फुलाला टेकवत फिरायला लागले. शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, “काय चाललंय भावजी?” हे म्हणाले, “पराग हस्तांतरण. उभयपक्षी संमतीने.” त्या वहिनी तेव्हापासून सकाळी कुंपणाकडे फिरकत नाहीत.

टोमॅटोचं दुखणं वेगळं. त्याच्या फुलात नर-मादी एकाच घरात, पण कुणी गदगदा हलवल्याशिवाय पराग सुटत नाहीत. रानात ते काम भुंगे गुणगुणून करतात. जावईबापूंनी सिंगापूरहून ह्यांना बॅटरीवर चालणारा दात घासायचा ब्रश आणला होता. ह्यांची अर्धी बत्तिशी कवळीची, त्यामुळे तो खोक्यातच होता. आता तो रोज सकाळी दहानंतर टोमॅटोच्या घोसांना लावला जातो आणि परसातून भुंग्यासारखी घूं घूं ऐकू येते. परवा जावयांनी फोनवर विचारलं, “ब्रश आवडला का बाबांना?” मी म्हटलं, “फळ येतंय हो.”

खर्च किती झाला, हे अजून मला कळलेलं नाही. विचारलं की म्हणतात, “तो भांडवली खर्च आहे, त्यावर घसारा धरायचा असतो, तुला कळणार नाही.” एप्रिलात पारा 35 च्या वर चढला आणि टोमॅटोची फुलं गळायला लागली, तेव्हा फॉगर दिवसभर चालू ठेवले होते. ते विजेचं बिल मी पाहिलं. त्याचाही घसारा धरला असावा.

कोथिंबीर मात्र झकास आली. मे महिन्यात बाजारात जुडी हातात धरवत नाही, तेव्हा आमच्याकडे हिरवीगार. धने पेरायच्या आधी चपलेने रगडून फोडावे लागतात, कारण एका धन्यात बिया दोन. हे ह्यांना माहीत नव्हतं. पेरले किती, उगवले किती, याचा ताळमेळ घेताना रोपं धन्यांहून जास्त भरायला लागली. साठा वाढीव निघणं हाही गंभीर आक्षेप असतो म्हणे. दोन रात्री माणूस झोपला नाही.

परवा मुलीकडची मंडळी यायची होती. पोह्यांवर घालायला कोथिंबीर आणायला गेले, तर हे दोन दारांच्या मधे उभे. “किती हवी?”

“मूठभर.”

“मूठ हे परिमाण नाही. शिवाय तुझी मूठ की माझी?”

मी मुकाट्याने आत आले, कॅलेंडरचं पान फाडलं आणि मागे लिहिलं: ‘मागणीपत्र. वस्तू: कोथिंबीर. परिमाण: 20 ग्रॅम. प्रयोजन: कांदेपोहे. पुरवठा न झाल्यास पोहे होणार नाहीत. कळावे.’ जाळीच्या फटीतून कागद सरकवला. आतून पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. कागद परत आला तेव्हा त्यावर लाल शाईत शेरा होता, ‘बाब तातडीची. मंजूर. एक बशी लेखापरीक्षणासाठी शेडनेटमध्ये पाठवावी.’