घोटभर आबा

घोटभर आबा दारू पीत नाहीत. आबा दारू 'बघतात'. "परवा एक नवी रम बघितली," असं ते सांगू लागले की पोरीसाठी स्थळ बघून आलेत असं वाटतं. चौकशीही त्याच थाटाची: घराणं कुठलं, वय किती, रंग कसा, आधी कुठल्या पिंपात राहिली होती आणि एवढी चांगली आहे तर इतकी स्वस्त का? चौकशी पुरी झाली की ग्लासात पंधरा मिली. त्यातले पाच जिभेवर फिरतात, पाच नाकाखाली उडून जातात आणि उरलेले पाच पुढच्या पाहुण्याला दाखवायला राखून ठेवले जातात.

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत हा माणूस गावोगाव असतो. कराडात तो पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला असतो, विट्यात बँकेचा माजी शाखाधिकारी, तासगावात द्राक्ष बागायतदार. वय साठीच्या अलीकडं-पलीकडं, पोट बेताचं, आणि पाकिटात आधार कार्डाच्या शेजारी दारू पिण्याचा आजीवन परवाना. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो. 'परमिट रूम'च्या पाट्या अजून तेच सांगतात, पण पाटीखालून आत जाणारे केव्हाच विसरलेत. आबा विसरलेले नाहीत. परवाना आजवर एकाही माईच्या लालानं बघायला मागितला नाही, एवढंच त्यांचं दुःख.

आबा दुकानात शिरले की दुकानदार आधी मागच्या रांगेकडं बघतो.

"ती वरच्या फळीवरची दाखव."

"आबा, गेल्या महिन्यात दाखवली की."

"आता लेबल बदललंय."

मग चष्मा चढतो, बाटली उजेडाला धरली जाते. "४२.८ टक्के. रम घे, व्हिस्की घे, आकडा त्योच. साहेबाच्या हिशोबात ह्याला पंचवीस अंडर प्रूफ म्हणायचे…"

"आबा, तुमचं अंडर प्रूफ चालू द्या," मागून आवाज येतो, "पण माझी चपटी तेवढी पुढं घिऊ द्या. म्हसवडची गाडी सुटंल."

आबांच्या खांद्यावरून नोट जाते, काखेतून चपटी येते, म्हसवडची गाडी मिळते. आबा अजून बॅच नंबरवर असतात.

२०२५ च्या जूनमध्ये सरकारनं उत्पादन शुल्क वाढवलं. १८० मिलीची देशी किमान ८० रुपये, विदेशी किमान २०५, आणि दोघींच्या मधे 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाची धान्याच्या मद्याची नवी जात, किमान १४८ रुपयांना. त्या दिवशी अख्खा तालुका सुतकात होता. आबांनी मात्र वहीत नवं पान घातलं. भाव वाढला याचं दुःख संपवणाऱ्याला. आबांची एक बाटली दोन दिवाळ्या बघते.

घरच्या भांडणाचं मूळही तेच. चारचौघांच्या घरी बाटल्या रिकाम्या होतात म्हणून वाद होतात, इथं होत नाहीत म्हणून. काकी माळकरी. कपबशांच्या कपाटातले वरचे दोन कप्पे आबांनी घेतलेत. प्रत्येक बाटलीत दोन बोटं माल आणि गळ्याला तारखेची चिठ्ठी. भंगारवाला या दारावरून नेहमी हात हलवत जातो.

"एक संपवा, मग दुसरी आणा," काकी म्हणतात.

"संपवायला काय अक्कल लागती?" आबा म्हणतात.

आबांना साताऱ्यात एकच माणूस पुरून उरतो: अपशिंग्याचे सुभेदार. घरटी फौजी देणारं गाव. सुभेदारांना मिलिटरी कँटीनचा कोटा मिळतो. त्यांचा ब्रँड एक, वेळ एक, माप एक: गरम पाण्यात दोन पेग रम, नऊला अंथरूण. आबांनी त्यांना वळण लावायचा पुष्कळ प्रयत्न केला.

"सुभेदार, गिळू नका. जिभेवर खेळवा. काय लागतंय?"

"रम लागती."

"तशी नव्हं हो. व्हॅनिला लागतो का? जायफळ? नव्या वहाणेचं कातडं?"

"वहाण?" सुभेदारांनी ग्लासात डोकावून बघितलं.

"बरं, शेवटी काय लागतं? अगदी शेवटी?"

"शेवटी झोप लागती."

सांगलीकडं आबांची गाठ बागायतदारांशी पडते. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणात सरकारनं दोन वाईन पार्क काढले, नाशकात विंचूरला आणि सांगलीत पलूसला. नाव नाशिकनं कमावलं, याची आबांना खंत. बागेत उभं राहून ते कारण समजावतात: तुमची थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका ही खायची द्राक्षं, नाहीतर बेदाण्याची. साल पातळ, बी नाही, गोडी भरपूर. वाईनला मणी बारका लागतो, साल जाड लागते, बी लागते. लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा त्या साली-बियांतून उतरतो.

"आबा," बागायतदार म्हणतो, "बी नसलेलं घड पिकवण्यात आमच्या बापाची हयात गेली. आता तुमच्यासाठी परत बी घालू व्हय?"

त्या संध्याकाळी बागेतल्या शेडमध्ये आबांनी वाईनची बाटली उघडली. सोबत काय खायचं याचे नियम सांगितले: जिभेवर लसूण नको, तिखट तर नकोच. तोवर सांगलीचा भडंग परातीत ओतला गेला होता आणि वरून कांदा-कोथिंबीर पडत होती. वाईन सगळ्यांनी एकेक घोट घेतली, आंबट आहे म्हणून माघारी ठेवली आणि भडंग परत मागवला.

पण आबांची खरी नाचक्की झाली ती कारखान्याच्या सभासदांपुढं. विषय स्कॉचचा होता. आबा खुलले होते. स्कॉच म्हणवून घ्यायचं तर माल स्कॉटलंडातच व्हायला हवा, ओकच्या पिंपात निदान तीन वर्षं मुरायला हवा, हे सांगून झालं. मग आबा आवाज खाली आणून म्हणाले, "आणि आपल्याकडच्या बऱ्याचशा व्हिस्कीत काय असतं ठाऊक आहे? मळीचं स्पिरिट! म्हणून युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकता येत नाही."

सभा गप्प झाली. आबांना वाटलं, ज्ञान झिरपतंय.

"मळी म्हंजे," कोपऱ्यातला एक जण म्हणाला, "आपल्याच उसाची?"

"तुमच्याच. साखर निघाल्यावर जे राहतं ते."

"मग उसाच्या बिलात तिचं काय धरलंय?"

तिथून पुढं रात्री बारापर्यंत बैठक एफआरपी, उतारा, काटामारी आणि तोडणी-वाहतुकीवर चालली. स्कॉटलंडचं नाव पुन्हा निघालं नाही. आबांनी उघडलेली बाटली मात्र कुणाच्या हिशोबात न धरता संपली, आणि आपल्या कपाटाच्या इतिहासात पहिल्यांदाच एक जागा रिकामी झाली हे आबांना सकाळी कळलं.

कायदे मात्र आबांना तोंडपाठ. २०१७ च्या एप्रिलपासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दुकानं बंद झाली, तेव्हा पुणे-बंगळूर रस्त्याकडेचे बार ओस पडले. आबा टेप घेऊन हिंडले. २०२२ च्या जानेवारीत हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटात वाईन ठेवायला मंत्रिमंडळानं मान्यता दिली. साताऱ्यात वारकरी रस्त्यावर उतरले. आबा त्या वेळी भाच्याचं किराणा दुकान मोजत होते. गुळाची खोली धरूनही चाळीस फूट कमी भरलं. तोवर निर्णय बारगळला, नाहीतर भाच्याच्या परसातली जनावरं उघड्यावर आली असती.

पुढं गावात बाटलीचं मतदान लागलं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीला मत दिलं की दुकान बंद. आबांनी स्वतः स्कूटर काढून काकींना केंद्रावर सोडलं. देशीचं दुकान गेलेलं त्यांना हवंच होतं. "त्यात बघण्यासारखं काय नसतं," हा त्यांचा आक्षेप. आडवी निवडून आली, गुलाल उधळला, आणि देशीच्या जोडीनं आबांच्या ओळखीच्या बिअर शॉपीलाही कुलूप लागलं. काकींनी त्या रात्री गोडाचा स्वयंपाक केला. दुकान गेलं तरी आबा खचले नाहीत. कराडला जायला कारण झालं आणि कराडच्या दुकानात फळ्या जास्त.

तीर्थयात्रा मात्र गोव्याची. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आबांनी ओळखीत पेढे वाटले, तेही साताऱ्याचे कंदी. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बोंडांचा रस एकदा गाळला की उर्राक आणि तीच पुन्हा गाळली की फेणी, हे ते भट्टीवाल्यालाच समजावतात. तो बिचारा मान हलवतो, गिऱ्हाईक देव. येताना बाटली आणायचा आग्रह सगळे करतात, पण गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा, हे आबा पाठ म्हणून दाखवतात. नाक्यावर बॅगा तपासणाऱ्या शिपायालाही त्यांनी तेच ऐकवलं. शिपायानं त्यांना घाईनं पुढं सोडलं, मागं ट्रक खोळंबले होते.

गेल्या तपासणीला आबांच्या रक्ताचा रिपोर्ट थोडा इकडं-तिकडं आला. डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, "घेता का?" उत्तर चाळीस मिनिटं चाललं. बाहेरचे पेशंट आत डोकावून गेले. अखेर डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: पूर्ण बंद.

गाव हळहळलं. सुभेदार भेटायला आले. आता हा माणूस कशावर जगणार, असं सगळ्यांनाच वाटलं. पण आबा पहिल्यापेक्षा टवटवीत दिसू लागले. खरेदी तशीच चालू आहे, वास तसाच घेतला जातो, वही तशीच भरते. फरक पडलाय तो ऐकणाऱ्यांना. पूर्वी निदान घोट घेण्यापुरते तरी आबा गप्प व्हायचे.